हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर कळतं : ब्लाइंड बिडिंग म्हणजे काय?

अमेरिकेत १९९८ मध्ये प्राइसलाइन ही वेबसाइट सुरू झाली. तिच्यावर हॉटेलसाठी चक्क बोली लावता यायची. शहरातला भाग, तारीख आणि स्टार निवडायचे, आपला भाव टाकायचा, कार्ड नंबर द्यायचा. भाव मान्य झाला की पैसे लगेच कट, आणि हॉटेलचं नाव त्यानंतर. रिफंड नाही.

हॉटेलवाले तयार का व्हायचे? आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. पण उघड भाव पाडला तर सगळेच तो मागणार. म्हणून नाव झाकून विक्री.

मला यातलं एक लॉजिक फार आवडतं. बोली नाकारली गेली तर तीच मागणी पुन्हा टाकायला २४ तास थांबावं लागायचं, पण नवा भाग जोडला की लगेच संधी. समजा, तुम्हाला डाउनटाउनमध्ये ४ स्टार हवंय आणि विमानतळाजवळ ३ स्टारच्या वर काहीच नाही. मग विमानतळाचा भाग जोडा, भाव थोडा वाढवा. खोली मिळालीच तर डाउनटाउनमध्येच!

बोलीची सोय आता बंद झालीय. प्राइसलाइनच्या एक्सप्रेस डील्स आणि हॉटवायरवर नाव अजून झाकलेलं असतं, पण भाव वेबसाइटच सांगते. अमेरिकेला जाणार असाल तर टॅक्स आणि फी धरून एकूण रक्कम बघा, इतर साइट्सशी ताडून पाहा. आणि तारखा पक्क्या नसतील, तर या वाटेला जाऊच नका.