ठासणीची बंदूक आणि काडतुसाचा हिशेब

खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तरी खेड्यापाड्यांत ठासणीची बंदूक टिकली. का? तर हिशेब! रायफलच्या काडतुसात महाग असते ती पितळी नळी. परदेशी शिकारी तीच पुन्हा भरून पैसे वाचवतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना काडतुसे बनवता येत नाहीत. ठासणीला नळीच नको. दारू, छर्रे, टोपी, की झालं. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात पीकराखणीसाठी तिचा वेगळा उल्लेखही आहे. मला मात्र ही बचत अर्धीच वाटते. आमच्या ताडकळसच्या शिवारात रानडुकरांचा कळप शिरला, की दुसरा बार ठासेपर्यंत निम्मं पीक आडवं. त्यात पावसाळी रात्र असली, तर दमट दारू पेटतच नाही.