दात वयाने पडतात काय?

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीचा रोख दैवाच्या विपरीतपणावर आहे. परंतु वय झाले म्हणजे दात जायचेच, ही समजूत तिने गृहीत धरलेली आहे. केस पांढरे व्हावेत, दृष्टी मंद व्हावी, त्याचप्रमाणे दातही हलावेत व पडावेत, यात कोणालाच नवल वाटत नाही. वस्तुतः वार्धक्यात पडणाऱ्या दातांपैकी पुष्कळसे स्वतः निरोगी असतात. त्यांना धरून ठेवणारी हिरडी आणि तिच्याखालचे हाड ही रोगाने झिजलेली असतात. हा रोग वयाचा नाही, एवढे सिद्ध करण्यास मनुष्याला दोन हजार वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास बोधप्रद आहे, कारण त्यात रोगाला दिलेल्या नावाप्रमाणे रोग्याचे दैव वेळोवेळी बदलत गेले आहे.

मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यात, विंध्याच्या दक्षिणेस नर्मदेच्या खोऱ्यात, सतवास हे लहानसे गाव आहे. देवास व धार येथील पवार आणि इंदूरचे होळकर यांच्यामुळे माळव्यात व त्याच्या आसपासच्या मुलखात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. अशा गावांतून दिवसाचा आरंभ कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाने होत असे. हिरडीतून रक्त आले, तर उष्णता वाढली असे म्हणून तुरटीच्या पाण्याने किंवा मिठाने गुळण्या करावयाच्या, आणि दात हलू लागला, तर तो पडण्याची वाट पाहावयाची, हा परिपाठ. दातण आणि उष्णतेची कल्पना या दोहोंच्याही मागे एक प्राचीन शास्त्र उभे आहे. म्हणून प्रथम त्या शास्त्राकडे वळले पाहिजे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखाचे एकंदर ६५ रोग सांगितले आहेत. ओठांचे ८, दंतमूलाचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखाचे ३, अशी ती विभागणी आहे. दंतमूल म्हणजे हिरडी. केवळ हिरड्यांचे १५ रोग वेगळे ओळखावेत, यावरून त्या वैद्यांची नजर किती सूक्ष्म होती हे कळून येते. ‘शीताद’ या रोगात हिरडीतून अकस्मात रक्त येते, तिला दुर्गंधी सुटते, ती काळपट व मऊ होऊन झडू लागते. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू व रक्त वाहते आणि दात हलतात. ‘उपकुश’ या रोगात हिरडीचा दाह होतो, ती पिकते, आणि किंचित घासताच रक्त येते. हिरडीला घर्षणाने इजा होऊन जो रोग उद्भवतो, त्याला ‘दंतवैदर्भ’ असे निराळे नाव आहे. जबड्यातील शेवटच्या दाढेपाशी येणारी मोठी, अतिशय दुखरी सूज म्हणजे ‘अधिमांस’. अक्कलदाढेचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हिची ओळख सांगावयास नको. नाडी म्हणजे पू वाहणाऱ्या जखमा; त्यांचे पाच प्रकार त्यात धरले आहेत.

या वर्गीकरणाचा पाया दोषांवर होता. वात, पित्त, कफ आणि रक्त यांपैकी कोणता दोष बिघडला, यावर रोगाची जात ठरे. गावोगाव ऐकू येणारी उष्णतेची भाषा ही या पित्ताचीच दूरची नातलग आहे. लक्षणांचे वर्णन इतके अचूक असता कारण मात्र शरीराच्या आत, प्रकृतीत शोधले गेले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दातांवर साचून साखरेच्या खड्यासारखा घट्ट होणारा मळ सुश्रुताला पूर्णपणे ठाऊक होता. त्याला त्याने ‘दंतशर्करा’ असे नाव दिले. आपण त्याला किटण म्हणतो. परंतु ही दंतशर्करा त्याने दातांच्या आठ रोगांत घातली, हिरड्यांच्या पंधरा रोगांत नव्हे. म्हणजे आज ज्यांचा निकटचा संबंध आपण जाणतो, त्यांची नोंद दोन निरनिराळ्या प्रकरणांत झाली. तथापि उपचार सांगताना त्याने दंतमूलास इजा न करता ही शर्करा काढून टाकावी, असा नियम घालून दिला. दातण बारा अंगुळे लांब व करंगळीएवढे जाड असावे, कडू झाडांत कडुनिंब उत्तम, आणि चूर्णाने दात घासताना हिरड्यांना बाधा होऊ देऊ नये, हेही त्याने सांगितले आहे. सिद्धान्तात जो दुवा सुटला, तो आचारात अशा रीतीने राखला गेला होता.

युरोपातही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांमधील पांढरा मळ सूक्ष्मदर्शक भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. जंतू प्रत्यक्ष दिसले. परंतु हिरडीच्या रोगाशी त्यांचा काही संबंध असेल, ही शंका येण्यास आणखी दोन शतके जावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हार्टफर्ड शहराचे दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी दातांच्या मुळांवरील किटण खरवडून काढून हलणारे दात वाचविण्याचा आग्रह धरला. काही काळ हा रोग ‘रिग्जचा रोग’ याच नावाने ओळखला जात होता.

पुढे ‘पायोरिया’ हे नाव रूढ झाले, आणि ते आपल्याकडील दंतमंजनांच्या जाहिरातींतूनही घरोघर पोचले. पायोरिया म्हणजे पू वाहणे. या नावात कारणही नाही आणि रोगाची पायरीही नाही. आहे ते केवळ एक उशिरा दिसणारे लक्षण. हिरडीतून नुसते रक्त येणारा तरुण आणि सर्व दात खिळखिळे झालेला प्रौढ, दोघेही एकाच नावाखाली आले. त्यात भर पडली ती इंग्लंडमधील वैद्य विल्यम हंटर यांच्या मताची. तोंडातील दूषित जागेतून विष सर्व शरीरात पसरते आणि अनेक दुर्धर रोग उत्पन्न करते, असे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९१० सालच्या माँट्रियल येथील व्याख्यानात, प्रतिपादिले. या मताच्या प्रभावाखाली पुढील दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत असंख्य लोकांचे दात सरसकट उपटून टाकण्यात आले. त्यांतील कित्येक दात वाचण्याजोगे होते.

पुढे विद्वानांनी दाहाचे रोग, अपकर्षाचे रोग आणि ऱ्हासाचे रोग असे गट पाडले. तरुण वयातच दातांचे हाड झपाट्याने झिजावे, हे दाहाविना होणारे आंतरिक क्षीणत्व आहे, असे १९४२ च्या सुमारास मानले जात होते. दोषांची जुनी कल्पनाच जणू नवा पोशाख करून आली.

निर्णायक पुरावा हळूहळू जमा झाला, आणि त्यात भारताचाही भाग आहे. १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला. मुंबईत फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी विडा खाण्याचा हिरड्यांच्या रोगाशी संबंध तपासून १९५५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६० साली अमेरिकेच्या जॉन ग्रीन यांनी भारतातील मुलगे आणि अटलांटा शहरातील मुलगे यांच्या हिरड्यांची तुलना मांडली. भारतीय मुलांच्या हिरड्या अधिक रोगट होत्या. हवामान, वंश किंवा आहार यांकडे बोट दाखविणे सोपे होते. परंतु वय आणि मुखाची स्वच्छता यांचा हिशेब धरताच तो फरक बहुतांशी नाहीसा झाला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६५ साली, डेन्मार्कमधील ऑऱ्हूस येथे हॅराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. रोग कशाने येतो आणि कशाने जातो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच प्रयोगात मिळाले. कारण दातावर रोज साचणाऱ्या जंतूंच्या मऊ थरात होते. हाच थर काढला नाही तर लाळेतील क्षारांनी घट्ट होऊन त्याचे किटण बनते, आणि किटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर अधिकच सहज साचतो.

परंतु एवढ्यानेच प्रश्न संपला असे नाही. याच ल्यो यांनी १९७० पासून १९८५ पर्यंत श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांचा पाठपुरावा केला. हे मजूर दात घासण्याचा ब्रश वापरीत नसत आणि त्यांना दंतवैद्यही उपलब्ध नव्हता. जवळजवळ सर्वांच्याच हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही शेकडा ८ जणांत रोग वेगाने वाढला, शेकडा ८१ जणांत मध्यम गतीने वाढला, आणि शेकडा ११ जणांत तो हिरडीच्या पलीकडे गेलाच नाही. मळ सर्वांना सारखा असून परिणाम सारखा नाही, तेव्हा शरीराच्या प्रतिकाराला काही स्थान दिलेच पाहिजे. प्रकृतीचा जो विचार प्राचीनांनी केला होता, तो अगदीच निराधार नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. तंबाखू आणि मधुमेह हे दोन मोठे घटकही पुढे स्पष्ट झाले. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांच्या रोगाने मधुमेह आटोक्यात ठेवणे कठीण होते. तंबाखूचा धूर घेणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे रोग आत वाढत असता सूचना मात्र मिळत नाही.

आजचे वर्गीकरण या सर्व ज्ञानावर उभे आहे. १९९९ साली जागतिक परिषदेने एक वर्गीकरण केले होते. २०१७ साली शिकागो येथे युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञांनी ते सुधारले आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात मुख्य भेद दोन आहेत. पहिला जिंजिव्हायटिस, म्हणजे केवळ हिरडीचा दाह. मळाने होणारा, तसाच गर्भारपणात बळावणारा, काही औषधांमुळे हिरडी वाढून होणारा, क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा, असे त्याचे प्रकार आहेत. दुसरा पेरिओडॉन्टायटिस, यात दाताला धरणारे तंतू व हाड नष्ट होते, आणि एकदा गेलेले हाड सहसा आपोआप परत येत नाही. पहिला रोग पूर्णपणे बरा होतो. दुसरा थोपवता येतो. दोहोंमधील ही सीमारेषा सामान्य मनुष्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पेरिओडॉन्टायटिसच्या पुन्हा चार पायऱ्या व तीन श्रेणी आहेत. पायरीवरून आजवर किती हानी झाली ते कळते, श्रेणीवरून ती किती वेगाने होत आहे ते कळते. वेग मोजण्याची एक रीत अशी की, दाताच्या मुळाभोवतीचे हाड शेकडा किती गेले, त्या आकड्यास रोग्याच्या वयाने भागावयाचे. जे वय इतकी शतके रोगाचे कारण मानले गेले, ते आता केवळ हिशेबातील भाजक झाले आहे.

१९६१ साली इंदूरला शासकीय दंतवैद्यक महाविद्यालय निघाले. तथापि सतवासासारख्या गावातील मनुष्य दात दुखल्यावाचून दूरच्या शहराची वाट धरीत नाही, आणि हिरड्यांचा हा रोग तर बहुधा दुखतच नाही. त्याची पहिली खूण म्हणजे सकाळी थुंकीत दिसणारी रक्ताची एक रेघ. उष्णता म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले, किंवा रक्त येते म्हणून घासणेच सोडले, तर परत फिरण्याची वाट हळूहळू बंद होते. हिरडीला न दुखविता दाताच्या मुळापाशी रोज स्वच्छता करावी, साचलेले किटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे, तंबाखू वर्ज्य करावी, मधुमेह असल्यास तो आवरावा, एवढेच या दोन हजार वर्षांच्या शोधाचे व्यवहारातील सार आहे. असे झाले, तर चणे मिळण्याच्या वयातही ते चावण्यास दात शिल्लक राहतील.