कोकसाठी कोळशाची धुलाई

गंगाखेडजवळच्या परळी औष्णिक वीज केंद्रात जास्त राखेचा कोळसाही चालतो. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीला मात्र तो परवडत नाही. कोकमधील राख वाढली, की चुनखडी, मळी व इंधनखर्च वाढतो. कोकयोग्य कोळसा देशात मुख्यत्वे झारखंडमधील झरिया परिसरात मिळतो. तो धुवावा लागतो. मॅग्नेटाइटच्या भुकटीने जड केलेल्या पाण्यात हलका कोळसा तरंगतो, दगड बुडतो. बारीक चुरा तेल व फेसाच्या साहाय्याने वेगळा करतात. तथापि भारतीय कोळशात राख कणाकणांत मुरलेली असल्याने धुतल्यानंतरही ती सुमारे १७ ते १८ टक्के उरते. आयात कोळशात ती साधारणतः १० टक्के असते. त्यामुळे दोहोंचे मिश्रण वापरतात. धुलाई जितकी सुधारेल, तितके परकीय चलन वाचेल.