अटकेपलीकडून आलेल्या मोटारी

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की माणसाची गाठ कागदांशीच अधिक पडते. म्हणून दरवर्षी आठवीच्या वर्गावरचे काही तास मी मुद्दाम मागून घेतो. गेल्या वर्षी अशाच एका तासाला फळ्यावर आशियाचा नकाशा टांगला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आपल्या निपाणीहून मोटारीनं लंडनला जाता येतं काय?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "येत होतं."

पोरगे हुशार. त्याने 'होतं' हा शब्द बरोबर पकडला. "मग आता का येत नाही, सर?"

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय, पण या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकाआधी माझ्या मामाकडून मिळाले होते.

मामा ऐन उमेदीत निपाणीच्या तंबाखूच्या ट्रकवर क्लीनर होता. पुढे ड्रायव्हर झाला. तवंदी घाटातली वळणे त्याला तळहाताच्या रेषांसारखी पाठ. मराठी आणि कानडी दोन्ही त्याच्या जिभेवर सारख्याच सहजपणे नांदत. कोणत्या ढाब्यावर कोणती बोलायची एवढाच काय तो प्रश्न. आम्हा भाचरांना तो नेहमी एक गोष्ट सांगे. १९६८ सालच्या डिसेंबरात तो माल घेऊन मुंबईला गेला होता. बंदराच्या बाजूला बघ्यांची ही गर्दी! आत डोकावला, तर दारांवर मोठमोठे आकडे रंगवलेल्या, चिखलाने आणि धुळीने माखलेल्या परदेशी मोटारी. काहींच्या काचा फुटलेल्या, काहींचे पत्रे चेपलेले. एक गोरा साहेब मोटारीला टेकून बसल्या जागी झोपलेला. मामाला वाटले, बोटीतून उतरवताना मोटारींची ही दशा झाली असावी. त्याने शेजारच्या हमालाला तसे विचारले. हमाल म्हणाला, "बोटीतनं आल्या नाहीत बाबा, बोटीत चढणार आहेत. आल्यात त्या रस्त्यानं. थेट विलायतेहून."

"विलायतेहून सगळं बोटीनं येतं, एवढंच आम्हाला ठाऊक," मामा म्हणायचा. "रस्ता तिथवर जातो हे त्या दिवशी कळलं."

मामाने पाहिल्या त्या मोटारी 'लंडन-सिडनी मॅरेथॉन' या शर्यतीतल्या. तिची हकीकत मनोरंजक आहे. १९६७ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. आदल्याच वर्षी आपल्या रुपयाचे झाले होते, तेव्हा त्या घावाची कल्पना आपल्याला आहेच. देश खचलेला होता. लोकांची मने उभारी धरावीत आणि ब्रिटिश मोटारींचा जगभर बोलबाला व्हावा, म्हणून 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना काढली. सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ'चे सर फ्रँक पॅकर त्यांना येऊन मिळाले. विजेत्याला दहा हजार पौंडांचे बक्षीस ठरले. जॅक सिअर्स या शर्यतपटूने मार्ग आखला. लंडन ते मुंबई सुमारे सात हजार मैल जमिनीवरून, मुंबईहून 'चुसान' या बोटीने ऑस्ट्रेलिया, आणि तिथे पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा जमिनीवरून.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ मोटारी निघाल्या. कोण नव्हते त्यांत? नामांकित कंपन्यांचे कसलेले चालक होते, फौजी होते, हौशे-गवशे होते. सगळ्या स्त्रियाच असलेले एक पथक व्होल्व्हो घेऊन आले होते. जीन डेंटन या बाई एमजी गाडी चालवत होत्या. एकाने तर १९३० सालची जुनी बेंटली आणली होती. रशियाच्या चार मॉस्कविच होत्या आणि त्या चारही शेवटी सिडनीला पोचल्या. आपल्या भारताचेही एक पथक होते. बोमसी वाडिया आणि त्यांचे दोन साथी लोटस कॉर्टिना घेऊन उतरले होते.

शर्यत म्हटली की सगळ्यांत पुढे धावणारा जिंकला, असे आपल्याला वाटते. या प्रकारात तसे नसते. वाटेत ठरावीक ठाणी असतात आणि प्रत्येक ठाण्यावर पोचायची वेळ नेमून दिलेली असते. उशीर झाला की मिनिटाला एक दंडाचा गुण. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. म्हणून एका मोटारीत दोघे-तिघे असतात. एक चालवतो, दुसरा नकाशा व घड्याळ सांभाळतो, तिसरा जमेल तशी झोप काढतो. रात्र-दिवस हे चक्र चालू. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, जोडीचा ड्रायव्हर आणि क्लीनर असतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे वेग जिवावर बेतणारा.

मार्ग पाहा. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया ओलांडून इस्तंबूल. मग तुर्कस्तानातल्या सिवास ते एर्झिंजान या वाईट वाटेवर रॉजर क्लार्क या इंग्रज चालकाने ताशी जवळजवळ ६० मैलांची सरासरी राखली आणि आघाडी घेतली. पुढे तेहरान, मग अफगाणिस्तानात काबूल, काबूलहून लताबंद खिंडीच्या जुन्या वाटेने सरोबी, खैबर खिंड, पेशावर. पेशावरहून रावळपिंडीकडे निघालेला हमरस्ता सिंधू नदी ओलांडतो तो अटकेपाशी.

इथे मी वर्गात नेहमी थांबतो. आपण मोठ्या पराक्रमाला 'अटकेपार झेंडे लावले' म्हणतो, ते हेच अटक. १७५८ साली मराठी फौजा तिथवर पोचल्या, त्या घोड्यांवरून. आणि अब्दाली आपल्यावर चालून आला तोही खैबरच्याच बाजूने. फौजा, व्यापारी, फकीर, फिरस्ते, सगळ्यांची वाट ती एकच. १९६८ साली त्याच वाटेने मोटारी आल्या. फरक इतकाच की कोणी कोणाला जिंकायला आले नव्हते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक उभे होते ते केवळ पाहायला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीनच वर्षांपूर्वी, १९६५ साली, भारत-पाकिस्तान युद्ध होऊन गेले होते. तरीही मोटारी पाकिस्तानातून भारतात आल्या. एवढ्या देशांच्या सीमा, प्रत्येक सीमेवर पासपोर्ट, आणि मोटारीसाठी 'कार्ने' म्हणून जकातीचे एक पुस्तक. शिक्का बसला की अडसर वर. त्या सुमारास आपल्या सीमाभागात महाजन अहवाल येऊन वर्ष उलटले होते आणि नकाशावरच्या एका रेषेने घराघरांत काहूर माजवले होते. आमच्या मामाला तो अहवाल वाचता आला नसता. पण मुंबईच्या बंदरात उभे राहून त्याने एवढे मात्र जाणले, की रस्ता कितीही रेषा ओलांडू शकतो.

मुंबईत पोचेपर्यंत बऱ्याच मोटारी गळाल्या. क्लार्क पहिला, सिमो लाम्पिनेन दुसरा, लुसियन बियांकी तिसरा. अँड्र्यू कोवन हा सहावा. त्याच्याकडे कोणी फारसे पाहतही नव्हते. हा कोवन कोण? स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा शेतकरी. इंग्लंडच्या सीमेलगतचा तो मुलूख 'बॉर्डर्स' याच नावाने ओळखला जातो. म्हणजे हाही सीमाभागातलाच गडी! त्याची गाडी हिलमन हंटर, अगदी साधी घरगुती. तिचीच बहीण 'पेकान' या नावाने इराणात आदल्या वर्षापासून तयार होऊ लागली होती. कोवनचा हिशेब असा, की सिडनीपर्यंत मोजक्याच गाड्या तगतील. तेव्हा मला शेवटून पहिली आली तरी चालेल, पण पोचणारी गाडी द्या.

ऑस्ट्रेलियात तसेच घडले. क्लार्कच्या इंजिनाचा पिस्टन गेला, पुढे मागचा डिफरन्शियल गेला. रस्त्याकडेला दुसऱ्या कोणाची कॉर्टिना दिसली, तेव्हा मालकाची मनधरणी करून तिचा मागचा ॲक्सल त्याने विकत घेतला. पण तो बसवण्यात ८० मिनिटे गेली. लाम्पिनेनच्या जोडीची टाउनस फाटकाच्या खांबावर आदळली. आता बियांकी आणि त्याचा साथी ओजिए यांची सिट्रोएन पहिली. सिडनी शंभर मैलांच्या आत आले असताना, नाउरा ठाण्याच्या अलीकडे, समोरून आलेल्या मोटारीशी त्यांची टक्कर झाली.

मागून येत होता पॅडी हॉपकर्क. १९६४ ची मॉन्टे कार्लो शर्यत छोट्या मिनी गाडीने जिंकणारा हाच तो आयरिश वीर. त्याने गाडी थांबवली, आग विझवली, जखमींची काळजी घेतली. त्याच्यामागून कोवन आला, त्यानेही वेग कमी केला. इथले सगळे आटोक्यात आहे, तू पुढे जा, अशी खूण त्याला झाली. हॉपकर्कने थांबून विजय गमावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. खरे पाहता त्या टप्प्यात दोघांनाही दंड पडला नाही. दंडाच्या हिशेबात कोवन आधीच पुढे होता. पण थांबताना हॉपकर्कने असला हिशेब केला नव्हता, हे महत्त्वाचे. १७ डिसेंबरला शर्यत संपली. कोवनचा दंड ५०, हॉपकर्कचा ५६. सिडनीपर्यंत पोचल्या ५६ मोटारी.

कोवनने १९७७ सालीही ही शर्यत जिंकली. त्या वेळी मोटारी भारतातून मद्रासपर्यंत गेल्या आणि तिथून समुद्रमार्गे पेनांगला. त्यानंतर मात्र वाटच मोडली. १९७९ च्या आरंभी इराणात क्रांती झाली. वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. २००० साली लंडन-सिडनी शर्यत पुन्हा भरली तेव्हा तुर्कस्तानातून मोटारी प्रचंड मालवाहू विमानांत चढवल्या आणि थेट थायलंडमध्ये उतरवल्या. काबूल, खैबर, अटक, दिल्ली, मुंबई, सगळे विमानाखालून गेले. डोंगर जागच्या जागी होते, नद्या त्याच होत्या. रस्ता निसर्गाने नव्हे, माणसांनी बंद केला होता. त्या मुलाच्या 'का'चे उत्तर ते हेच.

वाचकहो, इथवर दूरदेशीचे सांगितले. आता घरचे सांगतो.

मामा म्हातारपणी कागलला मुलाकडे राहायला गेला. आमच्या निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर. जेवण झाल्यावर निघावे आणि चहाला परत यावे, एवढे अंतर. २०२१ साली साथीच्या दिवसांत मामा आजारी पडला. मी त्याला दोनदा भेटून आलो. तिसऱ्या खेपेस परतताना कोगनोळी नाक्यावर मला अडवले. तपासणीचा दाखला जुना झाला होता. नाक्यावरची माणसे कठोर नव्हती. नेमून दिलेले काम करत होती, आणि साथही खोटी नव्हती. पण मी रस्त्याकडेला चार तास उभा होतो. अंधार पडल्यावर माघारी फिरलो, कागलला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नवा दाखला मिळवून निपाणीस आलो. चौथ्या दिवशी मामा गेल्याचा निरोप आला, तेव्हा पुन्हा तो नाका, पुन्हा दाखला. मी पोचलो तेव्हा चिता विझत आली होती.

ज्याने आयुष्यभर हा रस्ता तुडवला, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात याच रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांना भाकऱ्या पोचवल्या, त्याला शेवटचा खांदा द्यायला मला वीस किलोमीटर वेळेवर जाता आले नाही. कोणाला दोष देऊ? बंद झालेला नाका पुढे उघडला, एवढे आपले नशीब. खैबरकडच्या माणसांचे तेवढेही नाही.

आजही रेषेवरून काही बिनसले की दोन्ही बाजूंच्या एस.टी. थांबतात, फलकांना काळे फासले जाते. मग पोरांच्या परीक्षा, लेकींची माहेरपणे, दवाखान्याच्या खेपा अडकतात. आपला हक्क आपण मागावा, भाषा प्राणपणाने जपावी. मीही तेच शिकवत आलो. पण रस्ता मात्र कोणी बंद करू नये. रस्ता तुटला की नकाशावरची रेषा माणसांच्या मनात उतरते, हे अटकेच्या वाटेने दाखवून दिले आहे.

त्या मुलाला मी पूर्ण गोष्ट सांगितली. त्याने वहीत निपाणी ते लंडन अशी तांबडी रेघ काढली आणि बंद असलेल्या जागी पेन्सिलीने फुल्या मारल्या. मी विचारले, "शाईनं का नाही मारल्यास?"

म्हणाला, "नंतर खोडता येतील, सर."