गोंदण, मृत्यू आणि ख्रिस्ती निषेध
जबलपूरचा मदन महल ही गोंड राजवटीची खूण. गोंड स्त्रीच्या अंगावरील खूण म्हणजे गोंदण. मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, ही श्रद्धा महाराष्ट्रालाही परिचित आहे. ख्रिस्ती व्यक्तीने गोंदावे काय, या प्रश्नात नेमकी तीच आडवी येते : लेवीय 19:28 मधील निषेध मृतासाठी अंगावर जखमा करून घेण्याच्या निषेधाला जोडूनच आला आहे. इ. स. 787 मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या धर्मसभेने मात्र देवासाठी सोसलेले गोंदण पुण्यप्रद, अन्यधर्मीय चालीने केलेले निष्फळ मानले. निकष हेतूचा ठरला. तो अधिक समंजस खरा. परंतु बालपणी आईच्या इच्छेने गोंदली गेलेली आणि पुढे ख्रिस्ती झालेली स्त्री कोणत्या हेतूची उत्तरदायी मानावयाची, हे त्यातून ठरत नाही.