पुसायचं कुणी?

मंडळी, आज विषय इतिहासाचाच आहे, पण शिवकाल किंवा पेशवाई नाही. संगणकाच्या पोटातला इतिहास आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईने या फंदात का पडावं, असं कुणी विचारेल. तर माझा भाचा पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि 'स्नॅपशॉट' हा शब्द त्याच्या तोंडून इतक्या वेळा वैतागाने ऐकला, की त्याचं मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडेना. शिक्षकी पेशाची खोड, दुसरं काय!

आधी थोडी ओळख. एका दणकट संगणकात सॉफ्टवेअरच्या जोरावर दहा-वीस वेगळे संगणक नांदवता येतात. त्यातल्या प्रत्येकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकत्र कुटुंबच म्हणा, चुली वेगळ्या पण घर एक. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि मंडळींनी केलेली 'सीपी-४०' ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात होती. यंत्र एक, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला ते आपलं एकट्याचंच वाटावं, हा त्यामागचा हेतू.

त्या काळी जागा सोन्याच्या भावाची. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली. कपाटाएवढं धूड, आत ५० तबकड्या, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. तिथे 'कालची अवस्था' जपून ठेवण्याची चैन कोण करणार?

जागा स्वस्त झाली तसा कालच्याचा मोह सुटला. बेल लॅब्जच्या 'प्लॅन ९' मध्ये रोजच्या रोज सगळ्या फायलींची त्या दिवशीची अवस्था न पुसता येणाऱ्या तबकड्यांवर नोंदली जाई. बदललेलाच भाग लिहायचा, आणि पुसायचं कधीच नाही! हाही एक मार्ग झाला. १९९२ मध्ये निघालेल्या नेटॲप कंपनीने दुसरा मार्ग धरला. त्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या निबंधात स्नॅपशॉटची मर्यादा २० सांगितली आहे, आणि ते ठरल्या वेळी आपोआप निघत आणि आपोआप पुसलेही जात. मला हे फार आवडलं. वस्तू घरात आणतानाच ती बाहेर कधी टाकायची ते ठरलेलं.

मग १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालू लागली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत 'अनडूएबल' नावाची सोय होती. दिवसभर काय प्रयोग करायचे ते करा. मशीन बंद करताना ते विचारायचं, बदल कायम करू, फेकून देऊ, की तसेच राहू देऊ? अगदी परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखं, पेपर दिल्याशिवाय दाराबाहेर सोडायचं नाही!

२००३ मध्ये वर्कस्टेशनच्या चौथ्या आवृत्तीत स्नॅपशॉट आला, २००५ मध्ये एकावर एक अनेक स्नॅपशॉट घेता येऊ लागले, आणि २००६ मध्ये हीच सोय मोठ्या सर्व्हरवर पोचली. सर्व्हर काही रोज संध्याकाळी बंद होत नाही. त्यामुळे 'याचं काय करू?' असं विचारण्याची वेळच आली नाही. माझ्या मते भाच्याच्या वैतागाचं मूळ इथे आहे. घेणं एका क्लिकवर आलं आणि पुसणं माणसाच्या आठवणीवर सोडलं.

मुळात हे नावच फसवं आहे. स्नॅपशॉट म्हणजे फोटो. फोटो काढून अल्बममध्ये लावला की त्याचा मूळ माणसाशी संबंध संपला. इथे तसं नसतं. मी वर्गात नकाशावर बटर पेपर लावून त्यावर मोहिमा आखायचे, ते उदाहरण घेऊ. स्नॅपशॉट घेतला म्हणजे मूळ नकाशाला हात लावायचा नाही असं ठरलं आणि वर एक कोरा बटर पेपर चढला. यापुढचं सगळं त्यावर. म्हणून घेताक्षणी जागा जवळजवळ लागतच नाही. पण मशीन रोज काही ना काही लिहितच असतं, आणि तो वरचा कागद वाढत वाढत मूळ डिस्कएवढा होऊ शकतो. असे तीन कागद चढले तर? शिवाय वाचताना सगळ्या कागदांतून आरपार बघावं लागतं, म्हणून मशीनही मंदावतं. आणि खालचा नकाशाच फाटला तर वरचे कागद रद्दी. म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे भाच्याचं पालुपद.

'डिलीट'ची गंमत तर आणखी न्यारी. स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे वरचा कागद फेकणं नव्हे, तर त्यावरच्या रेघा खालच्या नकाशावर गिरवणं. कागद फेकला तर आपण जुन्या दिवसात परत जातो. मला हे समजायला दोन फोन लागले. "मावशी, तुला निदान कळलं तरी," असं वर ऐकूनही घेतलं.

२००९ मधली गोष्ट. एका अपग्रेडच्या आधी कुणीतरी धीर म्हणून स्नॅपशॉट घेतला, मग आणखी दोन घेतले, आणि तो गृहस्थ नोकरी सोडून गेला. आठ महिन्यांनी एका रात्री साठवणीची जागा संपली. त्या साठ्यावरची दुसरी, निर्दोष मशीनंही एकेक करून अडकली. पुसायला जावं तर तेव्हाच्या आवृत्तीत सगळ्यात वरचा कागद आधी मधल्यावर गिरवला जाई, मग तो फुगलेला मधला त्याच्या खालच्यावर. म्हणजे जागा मोकळी करायला आधी जागा हवी! (ही पद्धत २०१० मध्ये सुधारली.) शेवटी एक मशीन दुसरीकडे हलवलं आणि गिरवणं सुरू केलं. पडद्यावरचा आकडा ९५ टक्क्यांवर जाऊन तासन् तास ढिम्म. तेव्हा भाच्याला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. पहाटे चारला त्याने माझ्या बहिणीला फोन केला, तो काही माहिती द्यायला नव्हे.

पुढे कंपनीनेच सांगितलं, की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. साखळी ३२ पर्यंत चालते, पण दोन-तीनवर थांबा. बॅकअपची सॉफ्टवेअरं स्वतःच स्नॅपशॉट घेतात आणि काम झालं की काढतात. एखादे वेळी काढणं फसतं, आणि मग यादीत काही दिसत नाही पण फाईल मात्र जागा अडवून बसलेली. २०११ च्या आवृत्तीत अशा फायली गोळा करायची वेगळी सोय आली. त्याआधीच वापरणाऱ्यांनी आपापले उपाय शोधले होते. रॉब डी व्हे यांचं आरव्हीटूल्स सगळे स्नॅपशॉट तक्त्यात मांडून दाखवतं. ॲलन रेनूफ यांच्या 'व्हीचेक'मुळे जुन्या स्नॅपशॉटची यादी रोज मेलने येऊ शकते. मॉनिटरच्या वहीत नावं लिहायचो, तसंच.

सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत असते. त्यातला सहावा गठ्ठा 'ड' कागदांचा, म्हणजे नष्ट करायच्या कागदांचा. आमच्या शाळेत जनरल रजिस्टर कायम जपायचं हे सगळ्यांना पाठ होतं. सहाव्या गठ्ठ्याला हात लावायला मात्र कुणी पुढे येत नसे. न पुसल्याबद्दल कुणाला मेमो मिळत नाही, पुसल्याबद्दल मिळू शकतो.

भाच्याकडेही तोच पेच. यादीत 'टेस्ट', 'टेस्ट २', 'फायनल' अशी नावं असत. त्यातल्या एका स्नॅपशॉटचं नावच 'डिलीट करू नये' असं होतं. का, ते सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं. आता त्यांच्याकडे नियम आहे, की स्नॅपशॉट घेताना वर्णनाच्या रकान्यात घेणाऱ्याचं नाव, कारण आणि पुसायची तारीख लिहायची. तारीख उलटली की त्या माणसालाच मेल जातो. आणि माणूस रजेवर असेल तर त्याच्या साहेबाला.