रद्दीच्या तराजूत इतिहास

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे उतरवले जातात. पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात, गाद्या उन्हात पडतात, आणि दारात रद्दीवाला तराजू घेऊन उभा राहतो. त्या तराजूला वाचता येत नाही. शिळे वर्तमानपत्र आणि कुणी जन्मभर जपलेले पत्र, त्याला दोन्ही सारखीच.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गावात असेच एक वजन झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले. शाळेतले निवृत्त चित्रकला-शिक्षक वारले. त्यांनी लग्न केले नव्हते. एका मित्रासह त्यांनी एकाच बिऱ्हाडात तीस वर्षे काढली होती. तो मित्र आधीच गेला होता. गाव त्यांना ‘दोघे मास्तर’ म्हणे, आणि त्यापुढे काही बोलत नसे. पुतण्यांनी खोली रिकामी केली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत पत्रे होती, वह्या होत्या, एकमेकांची काढलेली रेखाचित्रे होती. पुतणे वाईट नव्हते. त्यांना घराण्याची अब्रू झाकायची होती, इतकेच. साडेचार किलो भरले. मी दारातच उभा होतो. ‘ती मला द्या’ एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. निघाले असते तर लोकांनी माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते, हा विचार आड आला. त्या दोघांचे नाते काय होते, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्यांना तो होता, त्यांचे शब्द त्या ट्रंकेत होते.

तेव्हापासून, असे कागद राखणाऱ्यांच्या हकिकती मी गोळा करीत आलो आहे. त्यांतल्या दोन इथे सांगतो.

पहिली बर्लिनची. डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ साली एक समिती स्थापली. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे जर्मन कायद्याचे १७५ वे कलम रद्द व्हावे, ही तिची मागणी. पुढे ६ जुलै १९१९ रोजी त्यांनी लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. तिथे दवाखाना होता, ग्रंथालय होते, आणि हजारो छायाचित्रे व टिपणे होती. १९३१ साली जगप्रवासात ते हिंदुस्थानातही आले, मुंबईलाही येऊन गेले. आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी आपल्या स्वातंत्र्याच्या मागणीची बाजू घेतली आहे. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ही संस्था लुटली, आणि १० मेच्या रात्री तिची पुस्तके भर चौकात जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशी होते. आपल्या ग्रंथालयाची होळी त्यांनी पॅरिसच्या एका चित्रपटगृहात, बातमीपटात पाहिली. १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, नीस येथे ते वारले.

ही होळी पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यापुढची गोष्ट थोड्यांना. ली शिउ टोंग नावाचा तरुण चिनी विद्यार्थी शांघायपासून त्यांच्याबरोबर होता. तो त्यांचा शिष्य आणि जोडीदार. उरलेसुरले कागद त्याने देशोदेशी सांभाळत नेले. १९९३ साली तो कॅनडात व्हँकूव्हरला वारला, आणि त्याचे सामान इमारतीच्या कचऱ्यात गेले. एका शेजाऱ्याने त्यातली एक सूटकेस उचलली. तीत हिर्शफेल्डांचे हस्तलिखित होते, छायाचित्रे होती, त्यांच्या मृत चेहऱ्याचा साचाही होता. त्याने ती कित्येक वर्षे जपली, आणि अखेर ती बर्लिनच्या हिर्शफेल्ड सोसायटीकडे पोचली. जे नाझींच्या हातून सुटले होते ते कचऱ्यात जायचे होते. एका अनोळखी माणसाच्या कुतूहलाने ते वाचले. आमच्या गल्लीत तसा माणूस निघाला नाही.

दुसरी हकिकत न्यूयॉर्कची. १९७४ साली जोन नेसल, डेबोरा एडेल आणि त्यांच्या मैत्रिणींनी ठरवले, की स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास आपणच राखायचा. संग्रह सुरू झाला तो नेसलबाईंच्या राहत्या घरात. पुढे लहानसहान देणग्यांतून ब्रुकलिनमध्ये एक घर घेतले, आणि १९९३ पासून संग्रह तिथे आहे. कागद देण्यासाठी थोर असण्याची अट नाही. मेबल हॅम्प्टन ही काळ्या वर्णाची स्त्री तरुणपणी नर्तिका होती, पुढे लोकांच्या घरी कामे करून जगली. लिलियन फॉस्टर हिच्याबरोबर तिने १९३२ पासून फॉस्टरच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, संसार केला. तिने आपली पुस्तके व कागद या संग्रहाला दिले, आपल्या आठवणी ध्वनिफितींवर सांगितल्या. कुठल्या पाठ्यपुस्तकात तिला जागा मिळाली असती? दान दिले म्हणून आज ती इतिहासात आहे.

आपल्याकडे काय? र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपले अवघड प्रश्न विचारीत. अशाच उत्तरांवरून झालेल्या खटल्यात १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरी दंड झालाच. पण अंक राहिले, म्हणून त्या काळच्या माणसांची घालमेल आज वाचता येते. १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ काढले. आणि बंगळूरला ‘कॅमरा’ नावाचा संग्रह चित्रपटकर्त्या टी. जयश्री यांनी उभा केला. आज तो तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. कलम ३७७ विरुद्धच्या लढ्याचे कागद त्यात आहेत. तो लढा सरळ नव्हता: २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेले २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी परत दिले. निकाल सरकारी दप्तरात राहतातच. त्यांच्यामागची रात्रीची पत्रे, सभांची पत्रके, मित्रांची छायाचित्रे कुणी दिली तरच राहतात.

‘पण खासगी पत्रे परक्याच्या हाती द्यावी कशी?’ असे वाचक विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. त्यासाठीच देणारा आणि संग्रह यांच्यात लेखी करार होतो. अमुक पत्रे इतकी वर्षे उघडू नयेत, अमुक नावे झाकावीत, अशा अटी घालता येतात. टाचण्या काढून कागद आम्लविरहित पेट्यांत ठेवतात, आणि कशात काय आहे याची यादी करतात. गुपित राखणे आणि कागद राखणे यांत विरोध नाही. ट्रंकेला कुलूप लावता येते. रद्दीला लावता येत नाही.

‘दोघे मास्तरां’चे आता माझ्याकडे एकच चित्र आहे. आमच्या नदीघाटाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनात मला बक्षीस मिळालेले. खाली दोन सह्या आहेत. लहानपणी मला वाटे, दुसरी सही चुकून झाली असेल. यंदा माळा उतरवताना ते पुन्हा हाती आले. मागे त्यांची नावे, साल आणि घाटाचे नाव मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. साडेचार किलोंतून एवढेच उरले.

या दिवाळीत तराजू आपल्याही दारात येईल. ट्रंक त्यात घालण्याआधी एकदा उघडून पाहा.